फिल्टर कंडेन्सर : बदलायचा की जगवायचा?

माळ्यावरून उतरवलेला व्हॉल्व्हचा रेडिओ पुन्हा बोलणार की कायमचा गप्प होणार, हे बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत ठरतं. फडक्याने धूळ पुसली जाते, वाळून कडक झालेली वायर भिंतीतल्या सॉकेटात खुपसली जाते आणि ‘लागतोय का बघू तरी’ म्हणत बटण फिरवलं जातं. डायलमागचा दिवा लागतो. मग कधी स्पीकरमधून जाडसर घूं घूं सुरू होते आणि तिच्यामागे आकाशवाणी पुसटशी बोलत राहते. कधी काहीच ऐकू येत नाही, पण पाच मिनिटांनी डांबर वितळल्याचा वास येतो. कधी ठप्प आवाज होऊन मागच्या जाळीतून पांढरी वाफ निघते आणि त्याबरोबर पॉवर ट्रान्सफॉर्मरही जातो. तिन्ही वेळा मूळ दोष बहुधा एकाच जागी सापडतो : चासीवर उभा असलेला अॅल्युमिनियमचा डबा, म्हणजे फिल्टर कंडेन्सर.

या डब्याचं काय करायचं, यावर जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचं एकमत नाही. एक पंथ म्हणतो, वीज लावण्याआधीच सगळे इलेक्ट्रोलिटिक आणि सगळे कागदी कंडेन्सर उपटून नवे घाला. दुसऱ्याचं म्हणणं, हळूहळू व्होल्टेज चढवत नेलं तर जुना कंडेन्सरही सावरतो, उगाच मूळ वस्तूला हात लावू नका. संग्रहालयाच्या वृत्तीची माणसं तर रेडिओ लावायचाच कशाला, असं विचारतात. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ते धरून चालता येईल. हाय टेन्शनचा फिल्टर कंडेन्सर हा रेडिओतला झिजणारा भाग आहे. तो बदलल्याने रेडिओचं काही बिघडत नाही. बिघडतं ते तो कसा बदलला यामुळे, आणि वादात सगळ्यात कमी बोललं जातं ते यावरच.

आधी हा डबा करतो काय ते पाहू. घरातली वीज एसी, सेकंदाला ५० आवर्तनांची. व्हॉल्व्हच्या अॅनोडला लागते डीसी, साधारण अडीचशे व्होल्ट; हीच हाय टेन्शन किंवा एचटी. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, ईझेड८० किंवा ५वाय३ सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह ते एका दिशेने वळवतो, पण बाहेर पडतो तो प्रवाह सलग नसतो, सेकंदाला शंभर धक्क्यांनी येतो. नगरपालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे नळ दिवसभर चालू राहतो. पहिला कंडेन्सर हीच टाकी. त्यानंतर चोक किंवा जाड वायरवाउंड रेझिस्टर आणि पुढे दुसरा कंडेन्सर, जो उरलेले हेलकावे शोषतो. ढोबळ हिशेब करायचा तर ६० मिलिअँपिअर ओढणाऱ्या सेटमध्ये ५० मायक्रोफॅरडच्या पहिल्या कंडेन्सरवर दहा-बारा व्होल्टांचा हेलकावा राहतो. तोच कंडेन्सर वाळून ५ मायक्रोफॅरडवर आला की हिशेबाने हा आकडा शंभरच्या पलीकडे जातो, म्हणजे फिल्टर जवळजवळ नसल्यातच जमा. घूं घूं येते ती तिथून.

एवढी क्षमता मुठीत मावणाऱ्या डब्यात बसते, त्यामागे शंभराहून अधिक वर्षांची रसायनविद्या आहे. अॅल्युमिनियमवर वीज वापरून चढवलेला ऑक्साइडचा थर एका दिशेने प्रवाह अडवतो, याचा उपयोग करून पोलंडचे विद्युत अभियंते कारोल पोलाक यांनी १८९६ मध्ये बोरॅक्सच्या द्रावणातल्या कंडेन्सरचं पेटंट मागितलं. रेडिओला मात्र सुरुवातीला त्याची गरज नव्हती, कारण सेट बॅटरीवर चालत. टोरांटोत एडवर्ड रॉजर्स यांनी १९२५ मध्ये थेट घरच्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्यानंतर फिल्टरचा प्रश्न प्रत्येक कारखान्याच्या टेबलावर आला. कागदाचे कंडेन्सर दोन-चार मायक्रोफॅरडचे केले तरी विटेएवढे होत. त्याच सुमारास अमेरिकेत सॅम्युएल रुबेन यांनी पातळ द्रवाऐवजी द्रवाने भिजवलेला कागद दोन पत्र्यांमध्ये गुंडाळला. ‘ड्राय’ म्हणतात तो हाच प्रकार. तो कोरडा नसतो, ओलाच असतो, आणि त्याचं आयुष्य त्या ओलाव्यावर अवलंबून असतं. तिसाव्या दशकातल्या काही सेटांत खरोखरच द्रव भरलेले डबे होते. ते उभेच बसवावे लागत आणि वर वाफ जायला भोक असे. असा डबा आज हाती आला तर आत काही उरलं असेल ही आशा सोडावी.

ऑक्साइडचा थर व्होल्टमागे सुमारे १.४ नॅनोमीटर जाडीचा असतो. साडेतीनशे व्होल्टांच्या कंडेन्सरमध्ये म्हणजे जेमतेम अर्धा मायक्रोमीटर. रेडिओ रोज लागत असेल तर थोडीशी गळती स्वतःच हा थर दुरुस्त करत राहते. रेडिओ तीस-चाळीस वर्षं बंद पडून राहिला की दोन वेगवेगळे आजार जडतात. एक, थर जागोजागी कमजोर होतो, गळती वाढते, कंडेन्सर तापतो. दुसरा, रबराच्या बुडातून किंवा डांबराच्या भेगांतून ओलावा निघून जातो, क्षमता घटते आणि आतला रोध (ईएसआर) वाढतो. पहिल्यात कंडेन्सर शॉर्टकडे जातो, दुसऱ्यात ओपनकडे. एकाच डब्यात दोन्ही आजार असू शकतात आणि बहुतेक वेळा असतातच. कोकणातल्या दमट हवेतला सेट आणि नगरकडच्या कोरड्या घरातला सेट यांच्या चासीवरचा गंज वेगळा दिसतो, पण डबा उघडला की कथा फार वेगळी नसते.

जुन्या कंडेन्सरला पुन्हा ‘घडवण्याचा’ उपाय, ज्याला इंग्रजी पुस्तकांच्या वळणाने रिफॉर्मिंग म्हणतात, तो या दोन आजारांपैकी फक्त पहिल्यावर चालतो. प्रवाहावर मर्यादा घालून व्होल्टेज हळूहळू चढवलं की थर पुन्हा वाढतो आणि गळती उतरते. गेलेला ओलावा त्याने परत येत नाही. गळती छान उतरली म्हणून कंडेन्सर बरा झाला असं समजणारे लोक महिन्याभराने पुन्हा घूं घूंची तक्रार करतात, त्याचं कारण हे. अमेरिकी सैन्याने गोदामात पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकसाठी ही पद्धत एका हँडबुकात घालून दिली आहे. पण ती न वापरलेल्या, काही वर्षं पडून राहिलेल्या सुट्या भागांसाठी आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी चासीवर, रेक्टिफायरच्या शेजारी भाजून निघालेल्या डब्यासाठी ती लिहिलेली नाही.

करायचंच असेल तर नीट करावं. कंडेन्सरचं एक टोक सेटपासून सोडवून बाहेरच्या डीसी सप्लायला, मध्ये ४७ किलोओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर घालून जोडावं आणि मीटर त्या रेझिस्टरवर लावावा. मीटरवर ४७ व्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर गळती, गणित तोंडपाठ राहतं. सुरुवातीला पन्नास व्होल्ट, आकडा खाली आला की शंभर, असं चढत जायचं. तीनशे व्होल्टांवर तासभरानंतरही गळती दोन-तीन मिलिअँपिअरच्या खाली येत नसेल तर त्या कंडेन्सरवर आणखी वेळ घालवू नये. तीनशे व्होल्टांवर १० मिलिअँपिअर म्हणजे बंद डब्यात तीन वॉट उष्णता. तो वाफ सोडणारच. आणि गळती उतरली तरी क्षमता आणि ईएसआर मोजल्याशिवाय डबा पास करू नये.

बरेच जण यासाठी सेटच डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, लावतात आणि शून्यापासून चाक फिरवत जातात. व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या सेटमध्ये यात एक फसगत आहे. ईझेड८० चा हीटर ६.३ व्होल्टांचा. डिमरस्टॅटवर शंभर व्होल्ट असताना त्याला पावणेतीन व्होल्टच मिळतात, तो तापत नाही आणि पुढे काही जात नाही. दीडशेच्या आसपास तो जागा होतो आणि कंडेन्सरवर एकदम भलं मोठं व्होल्टेज येऊन बसतं. हळूहळू चढवल्याचं समाधान तेवढं मिळतं. त्यापेक्षा आपल्याकडच्या आयटीआयच्या वर्गात शिकवतात तो सिरीज बोर्ड शंभर पटीने उपयोगाचा : सेटच्या वायरीत ६० वॉटचा साधा, तारेचा दिवा. सेट ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंद होतो. शॉर्ट असेल तर लख्ख पेटून राहतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. एलईडीचा दिवा इथे चालत नाही, त्यामुळे तारेचे दोन दिवे मिळतील तिथून आणून ठेवावेत.

लक्षणांवरून काय गेलंय ते ओळखता येतं, निदान अंदाज बांधता येतो. व्हॉल्यूम पूर्ण बंद केल्यावरही घूं घूं तशीच राहिली तर दोष फिल्टरमध्ये किंवा आउटपुट व्हॉल्व्हच्या आसपास. व्हॉल्यूमबरोबर ती कमी झाली तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या टप्प्यांत शोधावा. एचटी मोजल्यावर अडीचशेऐवजी दीडशे-पावणेदोनशे दिसले आणि घूं घूंही असेल तर पहिला कंडेन्सर वाळलाय. व्होल्टेज बरं आहे पण सेट मोटारबोटीसारखा फट् फट् करतो किंवा शिट्ट्या मारतो, तर दुसऱ्याकडे बघावं. तो पुऱ्या सेटचा समान रस्ता असतो आणि तिथे रोध वाढला की शेवटच्या टप्प्याचा आवाज पहिल्या टप्प्यात शिरतो. जुने मेकॅनिक अशा वेळी चांगला कंडेन्सर हातात धरून संशयिताच्या टोकांवर नुसता टेकवून बघत. घूं घूं थांबली की निदान पक्कं. पद्धत चुकीची नव्हती, ठिणगी उडायची आणि धोका होताच. खरी गडबड त्यापुढची : तोच चांगला कंडेन्सर वाळलेल्याला समांतर सोल्डर करून टाकायचा आणि सेट बंद करून गिऱ्हाइकाला द्यायचा. वाळलेला कंडेन्सर जागेवर राहिला की उद्या तो शॉर्टही होऊ शकतो, आणि मग शेजारचा नवा काहीच वाचवू शकत नाही. एका सेटमध्ये मी मूळ डबा, त्याला टेकवलेला पुठ्ठ्याच्या नळीतला आणि त्यावर प्लॅस्टिकच्या वेष्टनातला अशा तीन पिढ्या एकमेकींना चिकटलेल्या पाहिल्या आहेत. पहिल्या दोघी गळत होत्या.

बदलायचं ठरलं की प्रश्न येतो किती मायक्रोफॅरडचा आणि किती व्होल्टांचा. जुने ८, १६, ३२, ५० हे आकडे आता सहज मिळत नाहीत. त्यांच्या जागी १०, २२, ३३, ४७ घ्यावेत. जुन्या कंडेन्सरवर छापलेल्या आकड्याची खात्री मुळातच इतकी ढिली असायची की हा फरक नगण्य आहे. मोह होतो तो वाढवण्याचा. ‘आता शंभरचा इतका लहान मिळतो, घालून टाकू, घूं घूं अजिबात राहणार नाही.’ दुसऱ्या कंडेन्सरपुरतं हे थोडंफार चालून जातं, पहिल्यापुरतं नाही. मोठी टाकी दर धक्क्याला थोड्या वेळात जास्त प्रवाह खेचते आणि तो सगळा रेक्टिफायरच्या कॅथोडमधून येतो. ईझेड८० साठी कारखान्याने पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड दिली आहे. ती ओलांडून रेक्टिफायरच्या आत ठिणग्या उडताना बघायच्या आणि मग ‘आजकालचे व्हॉल्व्ह टिकत नाहीत’ म्हणायचं, यात अर्थ नाही.

व्होल्टेजच्या बाबतीत उलट, वर जावं. एचटी अडीचशे आहे म्हणून ३०० व्होल्टांचा कंडेन्सर घालणं धोक्याचं. ५वाय३ किंवा एझेड१ हे थेट तापणारे रेक्टिफायर दोन-तीन सेकंदांत चालू होतात, बाकीच्या व्हॉल्व्हना तापायला पंधरा-वीस सेकंद लागतात. तेवढा वेळ प्रवाह ओढणारं कुणी नसतं आणि कंडेन्सरवर ट्रान्सफॉर्मरचं शिखर व्होल्टेज चढतं. ३००-०-३०० च्या ट्रान्सफॉर्मरवर ते ४२४ व्होल्ट होतं. म्हणून ४५० व्होल्टांचाच कंडेन्सर घ्यावा. मोठ्या रेडिओग्रामात ३५०-०-३५० चा ट्रान्सफॉर्मर असेल तर शिखर पाचशेजवळ जातं आणि ४५० देखील अपुरा पडतो. तिथे दोन कंडेन्सर एकापुढे एक, प्रत्येकावर समतोलाचा रेझिस्टर घालून लावावे लागतात. रेक्टिफायर व्हॉल्व्ह मिळत नाही म्हणून त्याच्या बुडात सिलिकॉन डायोड बसवणाऱ्यांनी तर हे आधी वाचावं, कारण डायोड कुणाचीच वाट बघत नाही. शिवाय हे सेट २२० व्होल्टांच्या हिशेबाने टॅप केलेले असतात आणि आपल्या घरात रात्री २४० सहज येतात. मागच्या व्होल्टेज सिलेक्टरवर २४० ची खाच असेल तर कंडेन्सर बदलण्याआधी सिलेक्टर तिच्यावर लावावा.

आता ज्या चुकीने चांगले सेट हकनाक गेले, तिच्याकडे येऊ. अॅल्युमिनियमचा डबा म्हणजे निगेटिव्ह आणि निगेटिव्ह म्हणजे चासी, असं सगळे गृहीत धरतात. पुष्कळ सेटांत ते खरं असतं. पण पुष्कळ सेटांत डब्याच्या बुडाखाली तपकिरी फायबरचा पातळ वॉशर असतो आणि डबा चासीला टेकत नाही. तो वॉशर तिथे कारणाने असतो. या सेटांत ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपासून चासीपर्यंत जाणारा सगळा प्रवाह शे-दीडशे ओहमच्या एका रेझिस्टरमधून जातो आणि त्यावर पडणारे सहा-सात व्होल्ट आउटपुट व्हॉल्व्हला उणे बायस म्हणून मिळतात. कंडेन्सरचं निगेटिव्ह त्या रेझिस्टरच्या अलीकडे, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जोडलेलं असतं. कुणीतरी डबा काढतो, खाली दोन नवे कंडेन्सर लावतो, आणि दोघांच्या निगेटिव्ह वायरी जवळच्या चासीच्या पट्टीला सोल्डर करून मोकळा होतो. हेलकाव्याचा प्रवाह आता त्या रेझिस्टरमधून वाहू लागतो आणि घूं घूं थेट ग्रिडवर जाते. त्याहून वाईट म्हणजे जुन्या निगेटिव्हचं टोकही कुणी चासीला बांधलं तर बायस शून्य होतो आणि आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट काही मिनिटांत लाल होते. म्हणून डबा काढण्याआधी मीटरने डबा आणि चासी यांच्यातला रोध बघावा. शून्य आला तर ठीक. शंभर-दीडशे ओहम आला तर नवं निगेटिव्ह बरोबर जुन्याच टोकाला जायला हवं. एक मिनिटाचं काम आहे.

दुहेरी डब्यात पहिला भाग कुठला आणि दुसरा कुठला, हेही सांभाळावं. अमेरिकी डब्यांवर टोकांजवळ अर्धचंद्र, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात आणि बाजूला कुठल्या खुणेला किती क्षमता ते छापलेलं असतं. खुणा पुसल्या असतील तर वायरीच बोलतात : रेक्टिफायरच्या कॅथोडकडून आलेली वायर पहिल्या भागाला जाते. नव्या दोन सुट्या कंडेन्सरांत ही अडचण राहत नाही. पहिल्या जागी मात्र जास्त हेलकावा-प्रवाह सोसणारा, १०५ अंशांचा कंडेन्सर द्यावा. तापमान दहा अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. १०५ अंशांवर २००० तास टिकणारा कंडेन्सर चासीखाली ६५ अंशांवर ३२ हजार तासांच्या घरात जातो. रोज चार तास ऐकलं तरी वीस वर्षं झाली.

मूळ रूप टिकवण्याचा आग्रह मला पटतो, पण त्यासाठी निकामी कंडेन्सर वापरात ठेवायची गरज नाही. सगळ्यात सोपं म्हणजे जुना डबा चासीवर तसाच उभा ठेवावा, त्याच्या सगळ्या वायरी सोडवाव्यात आणि नवे कंडेन्सर खाली टॅगपट्टीवर बसवावेत. वरून काही कळत नाही आणि उद्या कुणाला मूळ जोडणी हवी असेल तर वायरी परत लावता येतात. अर्थात वायरी सगळ्या सोडवायच्या; जुन्या डब्याची टोकं टॅग म्हणून वापरण्याचा शॉर्टकट म्हणजे गळका कंडेन्सर सर्किटात ठेवणंच. चोखंदळ लोक डबा रिकामा करून त्यातच नवे बसवतात. डबा सोडवून, क्लॅम्पखाली झाकली जाईल अशा उंचीवर बारीक करवतीने गोल कापायचा. आतलं भेंडोळं डांबरात रुतलेलं असेल तर हॉट एअरने डबा कोमट करून ओढायचं, हातमोजे घालून, कारण तो चिकट द्रव कातडीला बरा नाही. आजचा ४५० व्होल्टांचा ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अंगठ्यापेक्षा थोडा जाड असतो, त्यामुळे असे दोन जुन्या डब्यात आरामात मावतात. अॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून वायरी बुडाला पाडलेल्या छिद्रांतून बाहेर काढायच्या, डब्याला सोल्डर करायला जायचं नाही. मग अराल्डाइटने दोन्ही अर्धे भाग जोडून क्लॅम्प आवळला की सांधा दिसत नाही. पुठ्ठ्याच्या नळीतले कंडेन्सर तर अजून सोपे : मेण कोमट केलं की आतला गाभा सरकून बाहेर येतो आणि छापील वेष्टन शाबूत राहतं.

सामान मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास ४५० व्होल्टांचे कंडेन्सर सहज विकत मिळतात, कारण तेच एसएमपीएसमध्ये लागतात. दोन्ही बाजूंना वायरी असलेले लांबट मात्र शोधावे लागतात. दोन गोष्टींपासून जपावं. एक, भंगारातल्या सर्किटांवरून काढून, पाय सरळ करून नवे म्हणून विकलेले. पायांवर सोल्डरचा अंश दिसला तर परत द्यावा. दोन, ‘जुना पण न वापरलेला’, खोक्यातला मूळ कंपनीचा कंडेन्सर. व्हॉल्व्ह असा मिळाला तर सोनं. इलेक्ट्रोलिटिक असा मिळाला तर तो काढलेल्याइतकाच म्हातारा आहे, फक्त त्याने कधी काम केलेलं नाही. इलेक्ट्रोलिटिक नकोच म्हणणारे काही जण मोटारला लावतात ते पॉलिप्रॉपिलिनचे ४४० व्होल्ट एसीचे कंडेन्सर वापरतात. ३६ किंवा ५० मायक्रोफॅरडचा असा कंडेन्सर वाळत नाही. आकाराने मोठा असतो, कॅबिनेटमध्ये जागा असेल तर हरकत नाही. मला स्वतःला चासीवर पांढऱ्या प्लॅस्टिकचा तो ठोकळा बघवत नाही, पण ही झाली आवड.

फिल्टर बदलला तरी काम संपत नाही. शेजारचा एक कागदी कंडेन्सर तेवढाच महत्त्वाचा आहे. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर मेणात बुडवलेल्या कागदाचा असेल तर तो न मोजता बदलावा. त्याच्या एका टोकाला शंभरेक व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ग्रिड. पन्नास मेगओहम इतकी बारीक गळती असली, जी साध्या मीटरला दिसतही नाही, तरी एक मेगओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर दोन व्होल्ट पॉझिटिव्ह चढतात. ईएल८४ चा बायस सात व्होल्टांचा, त्यातले दोन गेले की व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढतो, एचटी उतरते, घूं घूं वाढते आणि दोष पुन्हा नव्या फिल्टरवर येतो. बाकी कागदी कंडेन्सरांचं एकेक करून मोजून ठरवावं. मायकाचे आणि सिरॅमिकचे, ट्यूनिंगचा गँग आणि आयएफ ट्रान्सफॉर्मरमधले, यांना विनाकारण हात लावू नये. सगळं उपटणारा पंथ इथे मला अजिबात पटत नाही. चाळीस सांधे एका बैठकीत बदलले की दोन चुकीचे लागतात आणि कुठले ते शोधण्यात आठवडा जातो. आधी फिल्टर, मग कपलिंग, सेट लावून मोजमाप, मग पुढचं.

विजेच्या धोक्याबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. ४७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर तीनशे व्होल्ट म्हणजे दोन जूल ऊर्जा, आणि चांगला कंडेन्सर प्लग काढल्यावरही ती धरून ठेवू शकतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढू नये. दहा किलोओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर लांब प्रोबला बांधून काही सेकंद धरावा आणि मग मीटरने शून्य बघावं. घरात ईएलसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नये : ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या एचटीचा झटका त्याला कळत नाही. यूवाय८५, यूएल८४ अशा यू-मालिकेच्या व्हॉल्व्हचे एसी-डीसी सेट तर वेगळेच. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि प्लग उलटा लागला की पूर्ण चासी, अगदी नॉबमधला स्क्रूसुद्धा, फेजवर असतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर असा सेट उघडूच नये. त्यांच्यात रेक्टिफायर अर्ध्या लहरीचा असल्यामुळे हेलकावे पन्नासच येतात आणि फिल्टर वाळल्याचा त्रास अधिक जाणवतो.

याउलट खेड्यापाड्यांत वीज नव्हती तेव्हा नव्वद व्होल्टांच्या ड्राय बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्ह सेट होते, त्यांना हा प्रश्न जवळजवळ नाही; बॅटरीला समांतर एखादा इलेक्ट्रोलिटिक असतो तेवढाच. ट्रान्झिस्टर सेटांतही शंभर-दोनशे मायक्रोफॅरडचे कंडेन्सर वाळतात आणि सेट फट् फट् करू लागतो, पण तिथे सहा-नऊ व्होल्टच असतात, त्यामुळे नवशिक्याने हात बसवायचा तर तिथून सुरुवात करावी. तिसाव्या-चाळिसाव्या दशकातल्या ज्या सेटांत स्पीकरची फील्ड कॉइलच चोकचं काम करते, त्यांत कंडेन्सर बदलण्याआधी ती कॉइल शाबूत आहे ना ते बघावं. ती तुटलेली असेल तर एचटी पुढे जातच नाही, आणि पहिल्या नव्या कंडेन्सरवर विनाभाराचं शिखर व्होल्टेज चढून बसतं.

स्वतः करायचं नसेल, तर मेकॅनिककडे सेट देताना चार गोष्टी विचाराव्यात. लावण्याआधी सिरीज बोर्डवर बघणार का? जुना कंडेन्सर सर्किटातून काढणार की त्याला समांतर नवा टेकवणार? आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह किती आहे ते मोजून सांगाल का? शेवटचा प्रश्न नसून विनंती : काढलेले सगळे भाग पिशवीत घालून सेटबरोबर परत द्या. ती पिशवी आली नाही, तर मागची पाटी उघडून आत किती पिढ्या आहेत ते एकदा स्वतः बघून घ्यावं.